गर्भारपणातला रक्तदाब आणि मेंदूवरचा घाला

(जिल्हा मेळाव्याच्या दुपारच्या सत्रात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळी कापसाच्या भावावर बोलणं झालं, पीक विम्यावर झालं. आता फळ्यावर माझ्या नावापुढं विषय लिहिलाय : गर्भारपणातला रक्तदाब. तो वाचून मागं बसलेली काही भावमंडळी उठायला लागली. बायांचा विषय आहे, बाया ऐकतील, आपण तोवर चहा घेऊ, असा त्यांचा हिशेब. माझी विनंती आहे, बसा. हे संकट घरात येतं तेव्हा गाडी कोण आणतो? पैसा कोण काढतो? दवाखान्यात न्यायचं, की सकाळपर्यंत वाट पाहायची, की देवऋषाकडं जायचं, हे कोण ठरवतो? ठरवता तुम्ही. तर ऐकायचंही तुम्हालाच आहे.

चांदवडला १९८६ साली शेतकरी स्त्रियांचं अधिवेशन झालं. पुढं लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली. जमीन नावावर करायची, आणि ती बाळंतपणातून जिवंत उठते की नाही याची फिकीर करायची नाही, हे बरोबर दिसत नाही.

मी डॉक्टर नव्हे. शेतीचं शिकलो आणि तुमच्यात फिरतो. औषध कोणतं द्यायचं हे मी सांगणार नाही. रोग ओळखायचा कसा, धावायचं कधी आणि सरकारी दवाखान्यात आपल्या हक्काचं काय आहे, एवढंच सांगणार आहे.

एका घरातली हकीकत

मागच्या हंगामात एका गावी बैठक संपल्यावर एक सासूबाई जवळ येऊन बसल्या. त्यांनी सांगितलेली ही हकीकत. गाव आणि नाव मी सांगत नाही.

सून एकवीस वर्षांची, पहिलटकरीण, आठवा महिना. कापूस वेचणीचे दिवस. दोन दिवस तिचं डोकं ठणकत होतं. घरच्यांना वाटलं, ऊन लागलं. पाय सुजले होते, पण गर्भार बाईचे पाय सुजतातच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग तोंड सुजलं, हातातल्या बांगड्या रुतायला लागल्या. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, डोळ्यापुढं काजवे चमकतात, समोरचं धूसर दिसतं. दुकानातून डोकेदुखीची गोळी आणून दिली. रात्री तिची दातखीळ बसली, अंग ताठ झालं, हातपाय झाडायला लागली, तोंडाला फेस आला. कुणी म्हणालं, बाहेरचं लागलं. लिंबू उतरवला, अंगारा लावला. त्यात दोन तास गेले. मग जीप काढली. पहिल्या दवाखान्यात सांगितलं, इथं होणार नाही, पुढं न्या. सुई न देता, चिठ्ठी न देता पुढं पाठवलं. मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिला चार झटके आले होते. बाळ गेलं. सून वाचली, पण तिचा उजवा हात अजून वर जात नाही आणि बोलताना शब्द अडतो.

त्या सासूबाईंनी मला विचारलं, "भाऊ, आमचं काय चुकलं?" त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. त्या माउलीचा दोष नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पण त्या पोरीला वाचवायची संधी चार वेळा आली होती. डोकं दुखलं तेव्हा दाब मोजायचा होता. काजवे दिसले तेव्हा त्याच तासाला निघायचं होतं. झटका आल्यावर दोन तास घालवायचे नव्हते. आणि पहिल्याच दवाखान्यात सुई मिळायला हवी होती. पहिल्या तीन गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. चौथी सरकारकडून करवून घ्यायची आहे.

मुळी उथळ गेली तर

या रोगाला डॉक्टर लोक प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात, आणि झटके आले की एक्लॅम्प्सिया. मूळ शब्द ग्रीक भाषेतला आहे, अर्थ लख्खकन चमकणं. वीज पडावी तसा अचानक येतो म्हणून हे नाव.

तो का होतो ते आपल्या भाषेत समजून घेऊ. वार म्हणजे बाळाची मुळी. पहिल्या चार-पाच महिन्यांत ही मुळी आईच्या गर्भाशयात खोल जाते, आणि तिथल्या आईच्या रक्ताच्या बारीक नळ्या रुंद होतात. मग बाळाला भरपूर रक्त मिळतं. काही बायांच्या बाबतीत मुळी उथळ राहते, नळ्या अरुंदच राहतात. सुरुवातीला काही कळत नाही. हलक्या रानातल्या पऱ्हाटीचं पाहा. पावसाळ्यात ती हिरवीगार दिसते. बोंडं भरायची वेळ आली, मागणी वाढली, की माना टाकते. तसंच इथं. बाळ वाढायला लागलं की उपाशी राहिलेली वार आईच्या रक्तात काही द्रव्यं सोडते. त्या द्रव्यांनी आईच्या सगळ्या अंगातल्या रक्तनळ्यांचं आतलं अस्तर बिघडतं. नळ्या आवळतात, दाब वाढतो, आणि अस्तर फाटल्यासारखं होऊन त्यातलं पाणी बाहेर पाझरतं. म्हणून तोंड सुजतं, हात सुजतात. मूत्रपिंडातून प्रथिनं गळून लघवीत उतरतात. यकृताला सूज आली की उजव्या बरगडीखाली दुखतं. आणि मेंदूही यातून सुटत नाही.

हा रोग साधारण पाचवा महिना उलटल्यावर दिसतो. शंभर गर्भवतींपैकी पाच ते दहा जणींना गर्भारपणात रक्तदाबाचा काही ना काही त्रास होतो. सगळ्यांना झटके येत नाहीत. पण कुणाला येतील हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं.

मेंदू चिबडतो तेव्हा

मेंदूच्या रक्तनळ्यांना स्वतःची एक व्यवस्था असते. दाब वाढला की त्या आकसतात, कमी झाला की सैल होतात. चारीच्या दाराने पाणी कमीजास्त करावं तसं. त्यामुळं मेंदूला रक्त कायम बेतानं मिळतं. या रोगात ते दार निकामी होतं. दाब थेट आत घुसतो, बिघडलेल्या अस्तरातून पाणी मेंदूत पाझरतं, आणि कालव्याखालची जमीन चिबडते तसा मेंदू चिबडतो.

हे चिबडणं बहुतेक वेळा मेंदूच्या मागच्या भागात सुरू होतं. नजरेचं केंद्र तिथंच आहे. डोळे ठणठणीत असतात, पण मागं मेंदूला सूज आलेली असते. म्हणून काजवे चमकतात, एकाच्या दोन वस्तू दिसतात, काही बायांना तर थोड्या काळासाठी काहीच दिसत नाही. घरचे म्हणतात, दृष्ट लागली. या सुजेचं वर्णन १९९६ साली वैद्यकीय नियतकालिकात नीट नोंदवलं गेलं आणि तिला वेगळं नाव मिळालं. त्या नावातच 'परत फिरणारी' असा शब्द आहे. म्हणजे वेळेवर इलाज झाला तर पाणी ओसरतं, जमीन वाफशावर येते, नजर परत येते, बाई पूर्ववत होते.

पण दाब तसाच वाढत राहिला तर बांध फुटतो. मेंदूत रक्तस्राव होतो. मग एक बाजू लुळी पडते, तोंड वाकडं होतं, वाचा जाते, किंवा बाई बेशुद्धीतच जाते. या रोगानं दगावणाऱ्या बायांच्या मृत्यूचं हे एक मोठं कारण आहे. फुटलेला बांध परत घालता येतो, पण वाहून गेलेली माती परत येत नाही.

जगभरच्या मातामृत्यूंचा हिशेब २०१४ साली प्रसिद्ध झाला. २००३ ते २००९ या काळातल्या मृत्यूंपैकी २७ टक्के रक्तस्रावानं, आणि त्याच्या खालोखाल १४ टक्के रक्तदाबाच्या या विकारांनी झाले होते. महाराष्ट्रात २०१८-२० या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागं ३३ माता दगावत होत्या, देशात ९७. आपलं राज्य बरं आहे, हे खरं. पण ज्या घरातली बाई जाते त्या घराला सरासरीचा काय उपयोग? सरासरी पाऊस पडला म्हणून आपलं रान भिजतंच असं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

सापळ्यातले पतंग मोजता, दाबही मोजा

गुलाबी बोंडअळीसाठी आपण कामगंध सापळे लावतो. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले की फवारणीचा निर्णय घेतो. बोंड फोडून अळी दिसेपर्यंत थांबत नाही, कारण तेव्हा उशीर झालेला असतो.

गर्भवतीचा आकडा आहे १४० वर ९०. वरचा आकडा १४० किंवा जास्त, किंवा खालचा ९० किंवा जास्त, म्हणजे सावध. काही तासांनी परत मोजायचा, लघवी तपासायची, डॉक्टरला दाखवायचं. दुसरा आकडा १६० वर ११०. दोन्हींपैकी कोणताही एक तिथं पोचला की पंधरा मिनिटांनी परत मोजायचा, आणि तसाच असला तर त्याच क्षणी निघायचं. दवाखान्यात पोचल्यावर तासाभराच्या आत दाब खाली आणायचा असतो. उद्या सकाळची एसटी नाही. आता.

मोजायचं कसं, हेही बघा. बाजारात काटा मारलेला असला तर तुम्ही भांडता. इथंही काटा मारला जातो, अज्ञानानं. बाई उन्हातून चालत आली की लगेच पट्टा बांधू नये. पाच मिनिटं टेकून बसू द्यावं. पाय जमिनीला टेकलेले, हात छातीच्या उंचीवर टेकवलेला. पट्टा उघड्या दंडावर, जाड बाहीवरून नको. न मोजताच कार्डावर १२० वर ८० लिहून टाकलं तर विचारा, बाई, मोजला कधी? विचारायचा तुम्हाला अधिकार आहे.

आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. लघवी स्वच्छ आली म्हणून रोग नाही असं नाही. दाब फार वाढलेला नसतानाही काही जणींना झटका येतो. म्हणून आकड्याबरोबर खुणाही पाहायच्या.

खुणा

पाचव्या महिन्यानंतर, आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत, यातली एक जरी खूण दिसली तरी त्याच दिवशी दाब मोजायचा :

एक, डोकं ठणकतं आणि नेहमीच्या गोळीनं राहत नाही.
दोन, डोळ्यापुढं काजवे, धूसर दिसणं, अंधारी.
तीन, पोटाच्या वरच्या भागात किंवा उजव्या बरगडीखाली दुखणं, सोबत उलट्या. हे पित्त समजून सोडा घेऊन झोपू नये.
चार, तोंडावर आणि हातावर एकाएकी आलेली सूज.
पाच, दम लागणं, लघवी कमी होणं.
सहा, बरळणं, भान नसल्यासारखं वागणं, एका अंगाला मुंग्या किंवा लुळेपणा, बोबडी वळणं. ही सहावी खूण दिसली तर मोजत बसू नका, गाडी काढा.

आपल्या भागात एक घोटाळा होतो. फवारणीच्या दिवसांत डोकं दुखलं, अंधारी आली, की औषध चढलं असं वाटतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसपेक्षा जास्त माणसं गेली, त्यामुळं ही भीती खोटी नाही. बाई फवारलेल्या रानात गेली असेल तर डॉक्टरला जरूर सांगा. पण गर्भवती असेल तर दाब मोजल्याशिवाय तिथून हलू नका.

झटका आलाच तर

झटका बहुधा मिनिट-दीड मिनिटात थांबतो. तेवढ्या वेळात घरचे नको ते करून बसतात. बाईला डाव्या कुशीवर वळवा, म्हणजे तोंडातला फेस आणि उलटी श्वासात जाणार नाही. जवळची चूल, पाटा, विळा बाजूला करा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, लाकूड, बोट काही घालू नका. दात तुटतात आणि श्वास अडतो. कांदा, चप्पल हुंगवू नका. शुद्धीवर नीट येईपर्यंत पाणी पाजू नका. एकानं लगेच १०८ ला फोन लावायचा आणि सांगायचं, गर्भवतीला झटका आला आहे. गाडीतही तिला डाव्या कुशीवरच न्यायचं. झटका थांबला, बाई डोळे उघडून बोलली, म्हणून परत घरी आणायचं नाही. दुसरा झटका वाटेत असतो.

लिंबू उतरवायचाच असेल तर बाई गाडीत बसल्यावर मागं राहिलेल्यांनी उतरवावा. माझी हरकत नाही. पण गाडी थांबता कामा नये.

लाल्यावरचं मीठ आणि झटक्यावरचं औषध

आता ज्यासाठी मी हा विषय मागून घेतला ती गोष्ट. पऱ्हाटीवर लाल्या आला की आपण कशाची फवारणी करतो? मॅग्नेशियम सल्फेट. पानाच्या हिरव्या रंगद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं. ते कमी पडलं की पान लाल पडतं. या झटक्यांवरचं जगातलं सर्वांत खात्रीचं औषध हेच मीठ आहे : मॅग्नेशियम सल्फेट. अर्थात ते दवाखान्यासाठी शुद्ध आणि निर्जंतुक केलेलं, कुपीत भरलेलं. कुणी पोत्यातलं खत बाईला पाण्यात कालवून पाजायला जाऊ नका. ते विष होईल. नाव एक आहे, वस्तू वेगळी.

हे औषध वापरात येऊन शंभर वर्षं होऊन गेली. तरीही पुष्कळ ठिकाणी डॉक्टर झटक्यांसाठी दुसरीच औषधं देत. १९९५ साली भारतासह अनेक गरीब देशांत सोळाशेहून अधिक बायांवर केलेल्या चाचणीचा निकाल आला. मॅग्नेशियमनं परत झटका येण्याचा धोका डायझेपामच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी आणि फेनिटॉइनच्या तुलनेत ६७ टक्क्यांनी कमी झाला. मग २००२ साली ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायांची चाचणी झाली. ज्यांना दाबाचा रोग आहे पण झटका अजून आलेला नाही, अशांना हे औषध दिलं तर झटका येण्याचा धोका ५८ टक्क्यांनी कमी होतो, असं दिसलं. ब्रिटनमध्ये १९९२ साली दर दहा हजार बाळंतपणांत सुमारे पाच जणींना झटके येत. २००५-०६ साली ते प्रमाण तीनच्या आत आलं.

औषध स्वस्त आहे. कुठल्या कंपनीची त्यावर मक्तेदारी नाही. आणि आपल्या सरकारच्याच मार्गदर्शक सूचना सांगतात की उपकेंद्रातल्या प्रशिक्षित नर्सबाईंनी झटका आलेल्या बाईला पहिला डोस द्यावा : दोन्ही कुल्ल्यांत खोलवर पाच-पाच ग्रॅम, एकूण दहा ग्रॅम, आणि मग पुढं पाठवावं. कुपीत साधारण एक ग्रॅम असतं, म्हणजे दहा कुप्या. पुढचे डोस मोठ्या दवाखान्यात, कारण औषध जास्त झालं तर श्वास मंदावतो. गुडघ्याची प्रतिक्रिया, श्वास आणि लघवी पाहून ते द्यायचं असतं. त्याचा उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट. तोही हाताशी हवा.

पहिल्या दवाखान्यात सुई न देता त्या पोरीला पुढं पाठवलं, असं मी मघाशी सांगितलं. त्या दहा कुप्या तिथं असत्या, द्यायचं धाडस असतं, तर पुढचे झटके बहुधा टळले असते.

रोगाचा खरा शेवट मात्र बाळ आणि वार बाहेर आल्यावरच सुरू होतो. म्हणून कधी कधी डॉक्टर दिवस भरायच्या आधी बाळंतपण करायचं ठरवतात. त्यांना पैसे उकळायचेत, असं म्हणून बाईला उठवून नेऊ नका. का, कशासाठी, हे विचारा, समजून घ्या, आणि राहू द्या.

बाळंत झाली म्हणजे सुटली, असं नाही

बऱ्याच झटक्यांची वेळ बाळंतपणानंतरचीच असते. बहुतेक पहिल्या दोन दिवसांत, काही त्यानंतरही. म्हणून दवाखान्यातून दुसऱ्याच दिवशी पळून येऊ नका. घरी आल्यावरही पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा दाब मोजून घ्या.

काही घरांत बाळंतिणीला पाणी कमी देतात. पाणी प्यायली तर पोट सुटेल, बाळाला सर्दी होईल, असा समज आहे. बाळंतपणानंतर रक्त तसंही लवकर गोठतं. त्यात अंग कोरडं पडलं तर मेंदूतून रक्त परत आणणाऱ्या शिरेत गाठ अडकू शकते. डोकेदुखी, उलट्या, झटके, एक बाजू लुळी, सगळं त्यातूनही होतं. पिकाला पाण्याचा ताण पडला तर आपल्याला झोप येत नाही. बाळंतिणीला आपण मुद्दाम ताण देतो. तिला तहानेप्रमाणं पाणी द्या.

आणि ज्या बाईला एकदा हा त्रास झाला तिला पुढच्या खेपेला परत होण्याची शक्यता जास्त असते. पुढं चाळिशी-पन्नाशीत तिला रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात होण्याचा धोकाही इतरांहून जास्त. दर वर्षी एकदा तरी तिचा दाब मोजायचा.

आधीपासून काय करता येतं

धोका कुणाला जास्त? पहिलटकरीण, फार लहान वयाची किंवा पस्तिशी ओलांडलेली, जुळं असलेली, आधीच दाब, साखर किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेली, आधीच्या खेपेला हा त्रास झालेली, आई-बहिणीला झालेली. पोरीचं लग्न अठराच्या आत उरकू नका, हे सांगण्याचं हेही एक कारण आहे.

अशा जास्त धोक्याच्या बायांना तिसरा महिना संपता संपता कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू केली तर रोग टळण्याची शक्यता वाढते. ती डॉक्टरच्या सल्ल्यानंच, दुकानातून आणून नाही. सासऱ्याच्या दाबाच्या गोळ्या तर सुनेला कधीच देऊ नका. त्यातल्या काही पोटातल्या बाळाला घातक असतात.

दुसरं, कॅल्शियम. ते कमी मिळणाऱ्या बायांना हा रोग जास्त होतो. आपली ज्वारी चांगली, पण कॅल्शियमच्या बाबतीत गरीब. नाचणीत ज्वारीच्या दहापटीहून जास्त असतं. दूध डेअरीला जातं, घरात चहापुरतं राहतं. सरकारी दवाखान्यात चौदाव्या आठवड्यापासून कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, दिवसाला दोन, बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत. त्या लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नयेत, मध्ये दोन तास ठेवावेत. या गोळ्या फळीवर पडून राहतात. त्या पोटात गेल्या पाहिजेत, आणि दुधातला एक पेला घरातल्या गर्भवतीसाठी राहिला पाहिजे.

तिसरं, कार्ड. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात पोर माहेरी जाते आणि तिचं माता-बाल संरक्षण कार्ड सासरच्या पेटीत राहतं. माहेरच्या नर्सबाईला काहीच कळत नाही. नेमके हेच महिने धोक्याचे. ओटीत नारळ घालता, तसं कार्डही घाला. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनीही कार्ड बरोबर न्यावं, आणि तळ पडला की जवळचं आरोग्य केंद्र पहिल्याच आठवड्यात गाठावं.

ठराव

सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला डॉक्टरकडून मोफत तपासणी ठरलेली आहे. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधं, रक्त, जाणं-येणं, सगळं मोफत आहे. ही मेहेरबानी नव्हे. आपल्या कापसावर, सुतावर, डिझेलवर बसवलेल्या करातूनच हे चालतं. म्हणून या मेळाव्यापुढं मी ठराव मांडतो :

१. आपल्या प्रत्येक शाखेतल्या दोन बाया आणि दोन पुरुष पुढच्या पंधरा दिवसांत गावच्या उपकेंद्रात जातील. दाबाचं यंत्र चालतं का, लघवी तपासायच्या पट्ट्या आहेत का, मॅग्नेशियम सल्फेटच्या दहा कुप्या आहेत का, त्यांची मुदत संपली आहे का, हे पाहून लिहून आणतील. नर्सबाईंशी भांडायचं नाही. त्यांनाच सामान मिळत नसेल तर त्यांच्या बाजूनं तालुक्याला निवेदन द्यायचं.

२. गावच्या आरोग्य समितीच्या आणि ग्रामसभेच्या पुढच्या सभेत हा विषय घ्यायचा. पाचव्या महिन्यापुढच्या प्रत्येक गर्भवतीचा दाब आशाताईंच्या मदतीनं नियमित मोजला जातो की नाही, हे विचारायचं. वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडते म्हणून तपासणी चुकते; तर त्या दिवसाची मजुरी रानमालकानं कापायची नाही.

३. १०८ ची गाडी उशिरा आली तर काय, याचं उत्तर आधीच ठरवायचं. गावातल्या दोन गाडीवाल्यांची नावं आणि फोन शाळेच्या भिंतीवर लिहायचे.

४. गावात बाळंतपणात बाई दगावली तर प्रकरण दाबायचं नाही. प्रत्येक मातामृत्यूचा आढावा घ्यायचा सरकारचा नियम आहे. तो झाला का, कारण काय निघालं, हे विचारायचं. कुणाला फासावर चढवण्यासाठी हे विचारायचं नाही. पुढची बाई वाचावी म्हणून विचारायचं.

आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी आपण जातो, मोर्चे काढतो, ते केलंच पाहिजे. पण बाळंतपणात गेलेल्या शेतकरी बाईची नोंद आपल्याही कार्यक्रमपत्रिकेवर नसते. ती शेतकरीच होती. पेरणी तिनं केली, निंदणी-वेचणी तिनं केली, आणि गेली ती बहुतेक वेळा गाडी वेळेवर निघाली नाही म्हणून, नाहीतर दहा कुप्या नव्हत्या म्हणून.

ज्यांना ठराव मान्य आहे त्यांनी हात वर करावेत. ज्यांच्या घरात आज गर्भवती आहे त्यांनी घरी गेल्यावर पहिलं काम करावं : तिचं कार्ड काढून बघावं, शेवटचा दाब किती होता आणि कोणत्या तारखेला मोजला होता. महिना उलटला असेल तर उद्याच तिला घेऊन जा.